किती खपल्या, किती लागतील

खपल्या: ० — लागतील: १६००

आकडा देवेशने काढला. नवीन पनवेलच्या भाड्याच्या गाळ्यात, फळ्यावर, खडूने.

एक कॉपी दुकानात अडीचशेला. त्यातले एकशेवीस वितरक आणि दुकानदाराचे, एकशेतीस आपले. सीडी, तिचा रंगीत बॉक्स आणि आतली पुस्तिका मिळून खर्च पंचेचाळीस. राहिले पंच्याऐंशी. दीड वर्षात दोन कॉम्प्युटर, गाळ्याचं भाडं, वीज आणि देवेशचा पगार यांत गेले एक लाख छत्तीस हजार. भागिले पंच्याऐंशी.

"सोळाशे," देवेश म्हणाला. "सोळाशे कॉप्या खपल्या की आपण सुटलो. त्याच्या पुढची प्रत्येक कॉपी नफा."

खेळाचं नाव 'भरती'. पडद्यावर एक होडी असते. खाडीत जाळं टाकायचं, मासळी भरायची आणि ओहोटी लागायच्या आत बंदर गाठायचं. उशीर झाला की होडी गाळात रुतते आणि खेळ संपतो. कल्पना धनेशची, प्रोग्राम देवेशचा. दोघे कॉलेजातले दोस्त. देवेश पनवेल शहरातला, आईवडील दोघं बँकेत. धनेश खाडीकाठच्या गावातला, मिठागरवाल्यांच्या घरातला.

फळ्यासमोर तिसरी उभी होती ती निशा, धनेशची बायको. ती करंज्याची. तिची आई अजून बंदरावर मासळीच्या लिलावाला उभी राहते.

"आणि नाही खपल्या तर?" निशाने विचारलं.

"वहिनी, सोळाशे म्हणजे काहीच नाही. नुसत्या ठाण्यात कॉम्प्युटर किती आहेत माहितीय?"

तिला माहीत नव्हतं. देवेशलाही नव्हतं.

खपल्या: ० — लागतील: १६००

आकडा तोच, पण आता पैसे आले होते. एकूण दोन लाख एकाहत्तर हजार. झालेला खर्च भागवायचा आणि तीन हजार सीड्या छापायच्या. हजारच छापल्या असत्या तर एकेक सत्तरला पडली असती, तीन हजारांना पंचेचाळीस.

पैसे दिले काशिराम शेठने. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्याचं सळ्यांचं दुकान आहे. तारण म्हणून प्लॉट. गावची मिठागरं नव्या शहरासाठी सरकारने घेतली, त्यांच्या बदल्यात धनेशच्या वडिलांना, दाजींना, हा एक प्लॉट मिळाला होता. त्याशिवाय त्यांच्याकडे राहतं घर होतं, बस्स. दिवाळीपर्यंत पैसे परत, नाहीतर प्लॉट शेठचा.

दाजींनी सगळं ऐकून, समजून सही केली. "पोरगा काय तरी करतोय ना. मंग करू दे."

"व्याज किती, शेठ?" निशाने विचारलं.

"व्याज कसलं, वहिनी? घरचीच माणसं तुम्ही." काशिराम शेठ हसला. त्याने सगळ्यांसाठी उसाचा रस मागवला.

करंज्यात निशाने पैसे देणारे पुष्कळ पाहिले होते. दर आठवड्याला दारात येऊन शिव्या घालणारे पाहिले होते. व्याज नको म्हणणारा एकही पाहिला नव्हता. ज्याला व्याज नको असतं त्याला दुसरं काहीतरी हवं असतं.  रसाचा ग्लास तिने तसाच टेबलावर ठेवला.

खपल्या: १ — लागतील: १६००

पहिली कॉपी ऋचा मॅडमनी घेतली. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ त्यांचा कॉम्प्युटर क्लास आहे. रोख अडीचशे, घासाघीस नाही. धनेश त्या दिवशी रिक्षा न करता चालत घरी आला, तेवढा वेळ आनंद पुरवावा म्हणून.

खपल्या: ६१२ — लागतील: १६००

मुंबईच्या वितरकाने सहाशे उचलल्या. बारा इथल्या इथे गेल्या. आणि दाजींनी सोळाशेचा आकडा गावभर केला.

पुतणीच्या हळदीला, मांडवात:

"ए निशा, कवरं झालं?"

"सहाशे बारा, काकी."

"म्हंजे अजून हजार?"

"हजारालाही बारा कमी."

"अगो, पन त्या चकतीत हाय काय नक्की? गानी?"

"होडी हाय."

"होडी? आमच्या दारात हाय की होडी. दीडशेत देते, नेतंस काय?"

मांडव हसला. निशाही हसली. पंगतीत वाढताना, हात धुताना, नवरीला हळद लावताना तोच प्रश्न. कोणी कशी आहेस म्हणून विचारलं नाही. तिला वाटायला लागलं की कपाळावर कुंकवाच्या जागी आकडा लिहिला आहे आणि प्रत्येक जण तो वाचूनच बोलायला येतो.

खपल्या: १६१२ — लागतील: १६००

वितरकाने आणखी हजार उचलल्या. पंचवीस खोकी, प्रत्येकात चाळीस. टेम्पो गेला आणि देवेशने फळा पुसला. अगदी ओल्या फडक्याने, खडूचा मागही ठेवला नाही.

दाजींनी गावदेवीला कोंबडा दिला. करंज्याहून पापलेटं आली. देवेश दोन तुकड्यांतच घामाघूम झाला, तेव्हा दाजी म्हणाले, "खा रं, बामना, आता तू पन आमच्यातला."

"पैसे कधी येणार?" निशाने धनेशला विचारलं.

"येतील. माल गेला ना? मग."

तिलाही ते पटलं. ती बंदरावर वाढलेली. लिलावात बोली लागली, पाटी उचलली गेली की मासळी विकली. घेणारा तिचं काय करतो, खातो की पुरतो, कोणी विचारत नाही. विकलेलं पापलेट संध्याकाळी दारात परत आलं, असं तिच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. वितरकाला नीट विचारायला हवं होतं, हे ना तिला सुचलं ना मिठागरवाल्यांच्या पोराला. मीठही परत येत नाही.

खपल्या: १६१२ — लागतील: २०८५

आता हा दुसरा आकडा कुठून आला?

करंज्याहून. निशा माहेरी गेली होती. बंदरावर तिची आई हौसा कमरेवर हात ठेवून एका तांडेलावर ओरडत होती. त्याची बोट रिकामी आली होती, बर्फ मात्र उधारीवर भरला होता.

"मासळी नाय तर नाय! पन बर्फ भरलावता ना? त्याचं पैसं कोन देनार, तुजा बाप?"

"हौसाबाय, बर्फ तर वितळला गो."

"वितळला म्हनून फुकट झाला? मासळी भेटू दे नाय तर नको, बर्फाचं पैसं पयलं!"

बायका हसत होत्या. निशाही हसत होती, आणि हसता हसता थांबली. तीन हजार सीड्या. देवेशने पंचेचाळीस रुपये फक्त खपणाऱ्या कॉपीवर धरले होते. पण कारखान्याला पैसे तीन हजारांचे देऊन झाले होते. खपो न खपो. तो बर्फ होता.

तिथेच, आईच्या पाटीशेजारी बसून, तिने वाळूत हिशोब मांडला. आधीच्या खर्चाचे एक लाख छत्तीस हजार. छपाईचे एक लाख पस्तीस हजार. आता प्रत्येक कॉपीचे पुरते एकशेतीस मोजायचे, पंच्याऐंशी नव्हे.

दोन हजार पंच्याऐंशी.

तिने पुन्हा मांडला. पुन्हा तेच. एक कुत्रं त्या आकड्यांवरून चालत गेलं.

खपल्या: १६१२ — लागतील: २०८५

"बरोबर आहे तुझं," धनेश हिशोब तपासून म्हणाला. "देवेशला कसं नाही दिसलं?"

"त्याला पगार मिळत होता ना."

"अजून चारशे त्र्याहत्तरच पाहिजेत. होतील गं." मग तो जवळ सरकला. "दाजींना सांगू नको. त्यांनी गावात सोळाशे सांगितलंय. कोंबडा दिलाय."

निशाने सांगितलं नाही. दाजी रोज संध्याकाळी प्लॉटवर जाऊन बसत, परत येऊन जेवत आणि जेवताना म्हणत, "सुटलो बाबा एकदाचं." प्रत्येक वेळी तिच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडायची.

खपल्या: १२१२ — लागतील: २०८५

टेम्पो उलटा गल्लीत शिरत होता. त्याचा रिव्हर्सचा भोंगा वाजत होता, बारीक, एकसुरी, दुखऱ्या दातासारखा. निशाला वाटलं कोणाचं तरी सामान आलं.

ड्रायव्हरने फळी पाडली. दहा खोकी. बाजूला होडीचं चित्र.

"ही आमची नाहीत," ती म्हणाली.

"नाव तुमचंच हाय, ताई. आणि भाडं पन तुमच्याकडनं घ्यायचंय."

धनेशने वितरकाला फोन लावला. निशाने कान रिसीव्हरच्या दुसऱ्या बाजूला टेकवला.

"अहो, खपलं तर पैसे, नाही खपलं तर परत. सगळ्यांचंच असं असतं," वितरक शांतपणे म्हणाला. "पुस्तकवाल्यांचं असतं, कॅसेटवाल्यांचं असतं. तुम्हाला काय वाटलं होतं?"

"आम्हाला वाटलं, उचललं म्हणजे विकलं."

 पलीकडे तो माणूस हसला. वाईट हसला नाही. लहान मुलाला हसावं तसा हसला, आणि तेच निशाला सोसेना.

"उरलेल्या बाराशे तरी..." धनेशने विचारलं.

"दुकानात आहेत. बघू किती राहतात."

किती राहतात. तिने मान वर केली तेव्हा धनेशच्या कानाची पाळी पांढरी पडली होती. याआधी त्याचा चेहरा उतरलेला तिने पाहिला होता, पण कान असा कधी पाहिला नव्हता.

खपल्या: १२१२? — लागतील: २०८५

आकड्यापुढे आता प्रश्नचिन्ह. खपल्या की नुसत्या ठेवल्या आहेत? ठाण्यात, पुण्यात, नाशकात, कुठल्या कुठल्या काचेमागे बाराशे होड्या उभ्या, आणि त्यांतली कुठली केव्हा तोंड फिरवेल ते कळायला मार्ग नाही.

लोक खेळत तरी आहेत का, ते बघायला निशा ऋचा मॅडमच्या क्लासात गेली. जिन्यातच आरडाओरडा ऐकू आला.

"ओहोटी! ओहोटी लागली! वळव, गाढवा!"

आत दहा कॉम्प्युटर. दहाही पडद्यांवर 'भरती'. दोन खुर्च्यांमध्ये तीन जण, मागे उभे वेगळेच. एक साडीतली बाई, बहुधा टायपिंग शिकायला आलेली, दातांत ओठ धरून होडी हाकत होती.

"अय्या, निशाताई!" ऋचा मॅडम धावतच आल्या. "काय गेम केलाय हो तुमच्या मिस्टरांनी! बॅचेस फुल आहेत माझ्या. यासाठीच येतात मेले."

"दहा मशीनवर?" निशा म्हणाली. "तुम्ही तर एकच..."

"एकच घेतली ना! मग सगळ्यांवर टाकली. आणि इथली मुलं घेऊन गेली घरी. कळंबोलीला माझी बहीण क्लास चालवते, तिला दिली. तिने पुढे अलिबागला दिली. काही विचारू नका, केवढी प्रसिद्धी झाली तुमची!" मॅडमनी तिचा हात हातात घेतला. "मी प्रत्येकाला सांगते हं, आमच्या पनवेलच्या माणसाने केलाय."

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. शेजारच्या घरी वाटी भरून कालवण पाठवावं, तसा तो चेहरा होता.

निशाने तोंड उघडलं. एक कॉपी म्हणजे एकशेतीस रुपये, एकशेतीस रुपये म्हणजे प्लॉटची हातभर जमीन, असं ती सांगणार होती. तेवढ्यात साडीतल्या बाईची होडी बंदराला लागली. सगळ्या क्लासने टाळ्या वाजवल्या. मॅडमनीही वाजवल्या. निशाचे हातही उठले आणि वाजले, आणि ती घाबरली, कारण ते तिने वाजवले नव्हते.

खपल्या: ५१२ — लागतील: २१३५

सातशे परत. दोन टेम्पो. टेम्पोचं भाडं, फाटलेले बॉक्स, चेपलेल्या पुस्तिका मिळून साडेसहा हजार. म्हणजे आणखी पन्नास कॉप्या. एक आकडा खाली उतरत होता तसा दुसरा वर चढत होता, आणि मधली जागा रुंदावत होती.

गाळा सोडावा लागला होता. खोकी घरी. आधी माळ्यावर, मग पलंगाखाली, मग भिंतीला. आधीच्या न गेलेल्याही होत्याच. निजायच्या खोलीत एक रांग छतापर्यंत गेली आणि खिडकी गेली. दुपारी दिवा लावावा लागे. कूस बदलली की कोपर पुठ्ठ्याला लागे.

"खोकी चालत येतायत," निशा म्हणाली.

"काय?"

"काल पलंग आणि भिंत यांच्यामध्ये पाय जात होता."

 धनेशने पलंग सरकवून पाहिला.

देवेश येईनासा झाला होता. त्याला मुंबईत नोकरी लागली होती. फोनवर तो म्हणे, "सॉरी यार," आणि मग लगेच, "पण लोक खेळतायत, ही केवढी मोठी गोष्ट आहे." दोन्ही खरं होतं.

खपल्या: ५१२ — लागतील: २१३५

दाजी संध्याकाळी प्लॉटवरून परतले. पाय धुता धुता म्हणाले, "शेटनं आपल्या जाग्यावर सळ्या टाकल्यात."

निशाच्या हातातला तांब्या थांबला. "कुणी?"

"कासीराम शेटनं. चार गाड्या आल्यावत्या. मी बोललो टाकू दे, त्याच्याकडं जागा नसल. बसायला बरं पडतंय. जरा टोचतंय."

"त्यांनी विचारलं तुम्हाला?"

"मना बघून हात जोडले. बोलला, दाजी, बसा बसा, तुमचंच हाय."

दिवाळी अजून लांब होती. नवरात्रही बसलं नव्हतं. त्या माणसाने कधी दारात येऊन दम दिला नाही, फोन केला नाही, माणूस पाठवला नाही. त्याने फक्त लोखंड पाठवलं. त्याला आकडे दिसत होते. फळ्याशिवाय, वाळूशिवाय, तिकडे कळंबोलीत बसून त्याला सगळं दिसत होतं, कदाचित रस मागवला तेव्हापासूनच.

"सूनबाय," दाजी पाय पुसत म्हणाले, "सोळाशे झालेवते ना?"

"झाले होते, दाजी."

"मंग बरं."

खपल्या: १८८ — लागतील: २२३५

शेवटच्या टेम्पोबरोबर वितरकाचा निरोप. दुकानांत लावलेल्या जाहिरातींचे तेरा हजार तुमच्याकडून येणं आहे. आणखी शंभर कॉप्या.

टेम्पोचा भोंगा थांबल्यावरही निशाच्या कानात वाजत राहिला. खोकी ओट्यापर्यंत आली. आता दाजींनाही दिसत होती, पण ते काही विचारत नव्हते. आणि ते विचारत नव्हते याचीच तिला सगळ्यांत जास्त धास्ती होती.

खपल्या: १८८ — लागतील:

दिवाळीची मुदत संपली. काशिराम शेठच्या दुकानात चौघं. बाहेर ट्रकमधून सळ्या उतरत होत्या, प्रत्येक खणखणाटाला बोलणं तुटत होतं. शेठने टेबलावर दोन कागद ठेवले होते आणि दोन्ही सरळ करून एका रेषेत लावले होते.

"मी काय राक्षस नाही," शेठ म्हणाला. "प्लॉट मलाही आज नको. ऐका. माझा भाचा अख्खा दिवस तुमचा खेळ खेळतो. पनवेलभर नाव आहे. दुसरा भाग काढा. मी आणखी दोन लाख देतो. होळीच्या पुढपर्यंत मुदत."

"दुसरा भाग," धनेश म्हणाला. तो ताठ बसला. कित्येक आठवड्यांत तो असा बसला नव्हता. "त्यात वादळ टाकता येईल. दोन होड्यांची शर्यत. या वेळी आपण वितरकालाच..."

"आणि तारण?" निशाने विचारलं.

"प्लॉट आहेच. त्याला जोडून राहतं घर. नुसतं कागदावर हो, वहिनी. घरचीच माणसं."

बाहेर सळ्या पडल्या. निशाने धनेशकडे पाहिलं. त्याचे डोळे चमकत होते. काशिराम शेठची तिला भीती होतीच, पण त्याच्या मनात काय आहे ते तिला ठाऊक होतं. या चमकणाऱ्या माणसाच्या मनात कुठवर जायचं आहे ते तिला ठाऊक नव्हतं, त्यालाही नव्हतं.

"धनेश, नको," ती म्हणाली.

"निशा, आता लोकांना खेळ माहीत झालाय. पहिल्यासारखं होणार नाही."

"पहिल्यासारखंच होईल. दहा मशीनवर एक कॉपी."

"तू बायकांच्या—"

"गप," दाजी म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. ते निशाकडे वळले. "सूनबाय, तू सांग. किती खपल्या?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी."

"आनि किती लागत्यात?"

धनेशने मान खाली घातली. शेठने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"सोळाशे नव्हतेच कधी, दाजी," निशा म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "दोन हजार पंच्याऐंशी होते. मला करंज्याला कळलं. मग भाडी, मग जाहिराती. आता दोन हजार दोनशे पस्तीस. हे दोन लाख घेतले तर त्याच्यावर दीड हजार आणखी. आपण पोचतो तोवर आकडा पुढं जातो. तुमाला सांगायला पायजे होतं. मी घाबरले."

माहेरची बोली तिच्या तोंडी आली होती, आणि तिला ते कळलंही नाही.

दाजींनी टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं.

"यातला प्लॉट तुमच्या नावावर करायचा कागद कंचा?"

"दाजी, घाई कशाला?" शेठ म्हणाला.

"कंचा?"

शेठने डावीकडच्या कागदावर बोट ठेवलं. दाजींनी सही केली, सावकाश, अक्षर अक्षर काढून. धनेश उठून बाहेर ट्रककडे गेला. दुसरा, नव्या दोन लाखांचा कागद शेठने घडी करून खणात टाकला, फाडला मात्र नाही.

खपल्या: १८८

सहा आसनी रिक्षात दाजी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसले, धनेश आणि निशा मागे. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती.  निशाला वाटत होतं की छातीवरचं काहीतरी उतरायला हवं होतं. घर राहिलं होतं. आकडा थांबला होता. तिने दांडी धरली होती आणि हाताची पकड सुटत नव्हती.

"दाजी चिडलेत का?" धनेशने हळूच विचारलं.

"मला नाही माहीत."

रिक्षा थोडी पुढे सरकली. थांबली.

"मी काल देवेशशी बोललो होतो," धनेश म्हणाला. आवाज आणखी खाली. "त्याचं म्हणणं, चूक सीडीची झाली. फ्लॉपीवर काढायचं. कारखाना नको, बॉक्स नको, जेवढ्या मागतील तेवढ्याच घरी कॉपी करायच्या. बर्फच नाही, निशा. त्याने आकडा काढलाय."

"नको सांगूस."

"आठशे. फक्त आठशे लागतील."

"धनेश, पाया पडते तुझ्या."

पुढच्या सीटवर दाजींची मान हलली. ते हळूहळू मागे वळले, एक हात दांडीवर ठेवून, आणि सहीच्या वेळी नव्हता असा रंग त्यांच्या चेहऱ्यावर आला होता.

"आठशेच?" ते म्हणाले.